खालच्या कुरणाची तार

६ ऑक्टोबर

ही वही वासरांसाठी आणली आहे. तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, वजन, औषध. बाकी काही लिहायचं नाही.

वासरं अकरा. सहा कालवडी, पाच गोऱ्हे. सगळी मार्च ते मे या काळातली. गोऱ्हे मोठे झाले की खाटकाकडे जातील, कालवडी कळपात राहतील. सगळ्यात धाकटी ४४१७. २ मे रोजी गार्बोसा गाय अडली होती, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, अमादोरनं, पायांना दोर बांधून हिला ओढून काढली. त्यानं केलेलं ते शेवटचं बाळंतपण. १९ ऑगस्टला तो गेला. हे नोंद म्हणून लिहिलं.

कालवडींची नावं तो संत मिगेलच्या सणाला ठेवायचा. म्हणायचा, आधी वागणूक कळू दे. सण होऊन आठवडा झाला. क्रमांक पुरेसे आहेत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून वासरं गाईंसोबत खालच्या कुरणात सोडली आहेत. तिथे गवत घोट्याच्या वर आहे. अमादोर दर सप्टेंबरला तिथे खुंट ठोकून विजेची तार ओढायचा आणि खालचा तिसरा हिस्सा बंद करायचा. ‘गवत राखतोय,’ एवढंच सांगायचा. यंदा खुंट आणि तारेचं रीळ गोठ्यातच राहू दिलं. उभं गवत कुजवत ठेवण्यात अर्थ नाही.

तीन वासरं खोकताहेत. चालवलं की जास्त. सबेलाला फोन केला.

९ ऑक्टोबर

सबेला आली. ही माझी विद्यार्थिनी. तालुक्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यात ही तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची आणि बाहेर बघायची. आता आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या गोठ्यांची पशुवैद्य आहे. अजून मला ‘बाई’ म्हणते आणि माझ्यासमोर च्युइंगगम थुंकून टाकते.

वासरांच्या छातीला कान लावला, शेणाचे नमुने घेतले. “फुप्फुसातले जंत आहेत बाई. पाठीवर ओतायचं औषध देते. फुप्फुसातल्या आणि आतड्यातल्या जंतांना ते पुरेल.”

“वजनावर द्यायचं ना?”

“अंदाजानं दिलं तरी...”

“अंदाजानं मी गुणसुद्धा दिले नाहीत.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मला दहापैकी सहा दिले होते.”

फितीनं प्रत्येकाच्या छातीचा घेर घेतला, तक्त्यावरून वजन काढलं, मात्रा ओतली. सगळं मागच्या पानावर आहे. जाताना तिनं विचारलं, “चरतात कुठे? खाली ओल असते ना, ओढ्याच्या बाजूला?”

मी म्हटलं, “ते अमादोरचं कुरण आहे. चाळीस वर्षं त्यानं सांभाळलं.”

ती गाडीत बसली. गाडी मागे घेताना तिनं कुंपणाच्या खांबाला धडक दिली. खांब सरळ केला.

२० ऑक्टोबर

खोकला थांबला. अकराही ठीक. औषध लागू पडलं. जंतांचं काम झालं.

अमादोरचे रबरी बूट वापरते आहे. माझे गळतात. दोन मोजे घातले की बसतात.

२ नोव्हेंबर

काल सगळ्या संतांचा दिवस. माझी मुलगी आंतिया विगोहून आली. कबरीवर शेवंती ठेवली. दगड आधीच घासून ठेवला होता, त्यामुळे तिला करायला काही उरलं नाही, याचा तिला राग आला असावा.

जेवताना म्हणाली, “आई, तू एकदा तरी रडलीस का?”

“वासरांचा खोकला थांबला,” मी म्हटलं.

तिनं चमचा खाली ठेवला. “मी तुला काय विचारतेय आणि तू काय सांगतेयस?”

मग नेहमीचं. सतरा गायी, अकरा वासरं, चौसष्ट वर्षांची बाई, एकटी. मार्चपर्यंत कळप विकून टाक, माझ्याकडे मोकळी खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. मी म्हटलं, मार्चमध्ये बघू. ती म्हणाली, म्हणजे हो? मी म्हटलं, म्हणजे मार्चमध्ये बघू.

तिचं म्हणणं चुकीचं नाही. विरुद्ध बाजूनं मांडायला माझ्याकडे एकही मुद्दा नाही.

१६ नोव्हेंबर

आज वरच्या पाटाची शिळा काढून पाणी कुरणात सोडलं. हिवाळ्यात पाण्याचा पातळ थर गवतावरून वाहता ठेवला की दव गोठत नाही. सगळं खोरं पांढरं पडतं तेव्हा अमादोरचं कुरण हिरवं असायचं. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना लोक वळून बघायचे आणि तो बघत नसल्यासारखं करायचा. यंदाही हिरवं राहील. पाणी थेट खालपर्यंत जाऊ दिलं.

दुपारी शेजारचा सेसारेओ आला, काठी टेकत. वय ब्याऐंशी. उन्हाळ्यात खुब्याचा सांधा बदलला, तेव्हापासून घरातच असतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं सगळं कुरण दिसतं. पिशवीभर भाजलेले चेस्टनट आणले होते.

“घे पोरी. सोलून दिले असते, पण मास्तरीणबाईंना माझी नखं दिसली असती.”

“दिसली,” मी म्हटलं.

हसला. बसला. वाइन मागितली नाही, तेव्हा मीच ओतली. खिडकीतून बघत म्हणाला, “वासरं खाली दिसताहेत.”

“गवत आहे तिथे.”

त्यानं ग्लास रिकामा केला. मग म्हणाला, “असो. तू शिकलेली आहेस.”

अशी स्तुती त्याच्या तोंडून प्रथमच ऐकली.

५ डिसेंबर

४४०९ (गोऱ्हा) बारीक दिसतो. फीत लावली, महिन्यात सहा किलो कमी. ४४१७ चे केस उभे राहतात, चमक नाही. खुराक वाढवला. शेणाचे नमुने सबेलाकडे पाठवले.

९ डिसेंबर

सबेलाचा फोन. शेणात काही नाही. एकही अंडं नाही. “थंडीनं असेल,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात शेवटी प्रश्न होता. मी म्हटलं, स्वच्छ तर स्वच्छ. खुराक आणखी वाढवला.

पाव संपला होता, दोन दिवस लक्षात आलं नाही.

१४ डिसेंबर

४४०९ च्या जबड्याखाली सूज. मऊ, पाण्यानं भरलेली, बोटानं दाबली की खड्डा राहतो. पापणी उलटून बघितली. आतून पांढरी, कागदासारखी. ४४१२ चीही तशीच.

मला काहीतरी आठवायला हवं होतं. समोर होतं, पण आठवलं नाही. सबेलाला फोन केला, ती वरच्या गावात एका गाईचं सिझेरियन करत होती. उद्या सकाळी येते म्हणाली.

१५ डिसेंबर

सकाळी ४४०९ मेलेला. पाटाच्या कडेला, पाय ताणलेले.

सबेला आठला आली. म्हणाली, “उघडून बघू या?” मी म्हटलं, बघ. घरात जा असं ती म्हणाली नाही, हे बरं केलं. मी पाय धरले.

यकृत बाहेर काढून तिनं फळीवर ठेवलं. जड, कडेनं गोल झालेलं, जागोजागी कुरतडल्यासारख्या रेघा. तिनं सुरी फिरवली आणि दाबलं. कापातून ते बाहेर आले. चपटे, करडे, पानाच्या आकाराचे. काही नखाएवढे, बरेचसे त्याहून लहान.

 मग ती म्हणाली, “पर्णकृमी.”

मी म्हटलं, “हो.”

“शेणात अंडी नव्हती बाई, कारण...”

“कारण ते अजून वयात आले नव्हते. गवतावरून पोटात गेल्यापासून अंडी घालायला दहा-बारा आठवडे लागतात. आणि त्याआधीच ते यकृत पोखरतात.” मी बोलत होते आणि तो माझा वर्गातला आवाज होता. “पाठीवर ओतलेलं औषध यांना लागू पडत नाही.”

“नाही.”

“तू विचारलं होतंस. ओलीबद्दल.”

“मी पुन्हा विचारायला हवं होतं.” तिचे डोळे भरले होते. हातमोजे रक्ताचे, त्यामुळे पुसता येत नव्हते. “पण तुम्ही तसं म्हणालात, आणि मी... मला एकदम दहावीत असल्यासारखं वाटलं.”

तिच्या खिशातून रुमाल काढून तिचे डोळे मी पुसले. दुसरं कोण पुसणार होतं.

मग कुरणात खाली गेलो. शोधावं लागलं नाही. गाईच्या खुरानं पडलेल्या एका खड्ड्यात चिखलातल्या गोगलगाई होत्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या, सोळा. मी मोजल्या. शेणातलं अंडं पाण्यात, पाण्यातून गोगलगाईत, गोगलगाईतून गवताच्या पात्यावर, पात्यावरून वासरात. एकतीस वर्षं दर फेब्रुवारीत हे चक्र फळ्यावर रंगीत खडूनं काढलं. बाण हिरव्या खडूनं. सबेलाला त्यातच सहा मिळाले होते, एक बाण उलटा काढला म्हणून.

१६ डिसेंबर

सगळी वासरं आणि गाई गोठ्यात. कोरडं गवत, कोरडी जमीन. सबेलानं दुसरं औषध आणलं, कोवळ्या कृमींनाही मारणारं. ते तोंडातून पाजायचं. खोड्यात एकेकाला घेऊन, जबडा वर धरून, नळी जिभेच्या मागे नेऊन, हळू, ठसका लागू न देता. वजनं फितीनं. दहा वासरं, तीन तास. गाईंचं शेणही तपासायला गेलं. गोऱ्हे आता आठ आठवडे खाटकाकडे जाणार नाहीत, औषध मांसात राहतं.

४४१७ नं नळी चावली. सबेला म्हणाली, “ही चावते म्हणजे बरं आहे.” ४४१२ चावली नाही.

पाटाची शिळा पुन्हा लावली. पाणी बंद.

लिहायचं नाही म्हटलं होतं तरी लिहिते. लग्नाच्या पहिल्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, मी लुगोच्या कृषी महाविद्यालयातून ताजी ताजी बाहेर पडलेली. त्या चिखलात वाकून एक गोगलगाय उचलली, तळहातावर ठेवून अमादोरला दाखवली आणि सगळं चक्र सांगितलं. तो हसला. म्हणाला, “माझ्या आजोबांच्या गाई इथे चरल्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.” गोगलगाय घेऊन त्यानं ओढ्यात फेकली. त्यानंतर त्याच्या कुरणाबद्दल मी एकदाही बोलले नाही. त्याचं कुरण, माझी शाळा. अडतीस वर्षं. आणि मग मीही त्याच्यासारखीच त्या गोगलगाईकडे दुर्लक्ष करायला गेले.

२१ डिसेंबर

४४१२ मेली. कालवड. नऊ राहिली.

मेलेली जनावरं नेणारा ट्रक येऊन घेऊन गेला. ड्रायव्हरनं सही मागितली, पेन चालेना, त्यानं त्याचं दिलं.

२४ डिसेंबर

आंतिया आली. कॉडमासा आणि फ्लॉवर केला. तिनं गोठ्यात येऊन ४४१७ च्या जबड्याला हात लावला. सूज आहे, पण वाढलेली नाही. खात नाही. कोमट पाण्यात पेंड कालवून हातानं भरवते आहे. निम्मं सांडतं.

“ही बाबांनी काढलेली ना?”

“हो.”

“हिचं नाव काय?”

“४४१७.”

ती रडली. मी बादली धरून होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, “आई, मार्चचं नक्की कर. हे तुझ्यानं होणार नाही.” बादली खाली ठेवून मी म्हटलं, “झालं नाहीच. दोन मेली.” ते विकण्याच्या बाजूनंच होतं, पण तिला ते आवडल्यासारखं दिसलं नाही.

२७ डिसेंबर

सेसारेओकडे गेले. त्याची पिशवी परत करायची राहिली होती.

स्वयंपाकघरात चुलीजवळ बसला होता, पाय स्टुलावर. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

“किती गेली?”

“दोन.”

“ट्रक दोनदा दिसला.” काठीनं जमिनीवर काहीतरी गिरवत राहिला. “मी बोलायला हवं होतं पोरी. त्या दिवशी बोलायलाच आलो होतो.”

“काय बोलायला?”

“तार.”

मला कळलं नाही. म्हटलं, “ती गवत राखायला लावायचा तो.”

“गवत!” सेसारेओ हसला आणि मग थांबला. “तुला खरंच माहीत नाही? अगं, ती तार तुझ्या गोगलगाईची. तुमच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. बारमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला, तोंड एवढंसं. म्हणाला, बायको म्हणते त्या चिखलात मरण आहे. मी म्हटलं, मग? म्हणाला, मी हसलो तिला. मी म्हटलं, मग? तर म्हणतो, ती खरं बोलते रे, माझ्या आजोबांची दोन-चार वासरं दर हिवाळ्यात जायची, आम्ही थंडीवर घालायचो. दुसऱ्याच दिवशी गेला आणि खुंट ठोकले. तेव्हा लाकडाचे होते, विजेची तार नंतर आली. सप्टेंबर ते मे, एक खूर जाऊ दिला नाही खाली. जूनमध्ये गवत कापून वाळवायचं, बस. पाणीसुद्धा अर्ध्यावर तोडायचा, बाजूच्या चरातून ओढ्यात.”

“मला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं होतं. म्हटलं, अरे सांग तिला पटलं म्हणून. तर म्हणाला, वेडा आहेस का? आयुष्यभर ऐकवेल!”

चुलीतलं लाकूड सरकलं, ते त्यानं काठीनं आत ढकललं.

“आणि तू?” मी विचारलं. “तू का नाही बोललास, नोव्हेंबरात?”

“दुसऱ्याच्या कुरणात कुणी तोंड घालतं का? आणि शिवाय तू. ती तार तुझ्यामुळेच आलेली. मला वाटलं, तूच काढली आहेस म्हणजे नवं औषध निघालं असेल. शिकलेल्या माणसाला मी काय सांगू, गोगलगाय?”

मी घरी आले. बटाटे सोलायला बसले. भांडं भरून बटाटे जमिनीवर पडायला लागले, तेव्हा थांबले.

३१ डिसेंबर

४४१७ नं आज स्वतः गवत ओढलं. दोनदा.

१८ जानेवारी

४४१७ ची सूज उतरली. पापणी गुलाबीकडे. चार किलो वाढ. बाकी आठही वाढली. ४४०३ आणि ४४१५ सावकाश.

गाईंपैकी पाच गाईंच्या शेणात अंडी. त्यांना औषध दिलं. दुधाच्या नाहीत, वासरंच पितात, तरी तारखा लिहून ठेवल्या.

सबेला कॉफी प्यायला थांबली. म्हणाली, “बाई, उलटा बाण काढला म्हणून सहा, हे जरा कडकच होतं.”

“पाच द्यायला हवे होते,” मी म्हटलं.

ती एवढी हसली की कॉफी सांडली.

८ फेब्रुवारी

आंतियाचा फोन. मार्चच्या गुरांच्या बाजारात विकणाऱ्यांच्या यादीत नाव घालायचं असेल तर या महिन्यात कळवावं लागतं म्हणाली. मी म्हटलं, नको घालूस. ती म्हणाली, “का?” मी म्हटलं, “तार लावायची आहे.” ती म्हणाली, “तार? कसली तार?” मी तिला सगळं सांगितलं, गोगलगाईपासून. लांबलं. मध्येच ती म्हणाली, “आई, तू रडतेयस.” मी म्हटलं, सर्दी आहे. सर्दी होतीही.

मग म्हणाली, “आणि ४४१७ चं नाव?”

“संत मिगेलच्या सणाला. आधी वागणूक कळू दे.”

१० फेब्रुवारी

पुन्हा शेण तपासणी. नऊही वासरं स्वच्छ. आणि या वेळी स्वच्छ म्हणजे स्वच्छ, कोवळ्या कृमींनाही मारणारं औषध दिलं होतं.

अमादोरचा चर सापडला. गवतानं बुजला होता. फावड्यानं मोकळा केला, पाणी अर्ध्यावर तोडून ओढ्यात वळवलं. मग खुंट आणि रीळ हातगाडीवर घालून खाली नेलं. खुंट तेवीस. कुठून कुठपर्यंत लावायचे, ते कुणाला विचारणार? सेसारेओला खिडकीतून नुसती रेघ दिसते, जागा नाही. ओल कुठे सुरू होते ते बघत, बुटानं दाबत निघाले.

पहिल्याच जागी टाच कशावर तरी आपटली. वाकून गवत बाजूला केलं. पाटीच्या दगडाची एक कपची, मातीत उभी रोवलेली, जमिनीच्या बरोबरीनं. तिच्यापासून दहा पावलांवर दुसरी. मग तिसरी. माझ्या चालीची दहा पावलं नव्हेत. त्याच्या बुटांत मोठं पाऊल टाकावं लागलं, तेव्हा जुळलं.

प्रत्येक कपचीशी एक खुंट ठोकला. संध्याकाळपर्यंत तार ओढून झाली. खुंट तेवीस, कपच्या तेवीस.